केबिनमधून आलेला फोन

एअरलाइनमध्ये बायकांबद्दल काय काय बोललं जातं हा विषय काढला की लोक लगेच तो एचआरकडे ढकलतात, कोणाला वाईट वाटलं, कोणाचा अपमान झाला, बसवा कमिटी आणि मिटवा. मी केबिन क्रूमध्ये काम केलंय आणि मला ठामपणे वाटतं की हा आधी सेफ्टीचा प्रश्न आहे.

10 मार्च 1989, कॅनडातलं ड्रायडन. एअर ओंटारियोचं फोकर एफ-28 टेकऑफच्या तयारीत होतं, बर्फ पडत होता, पंखांवर साचत होता आणि डी-आयसिंग, म्हणजे तो बर्फ काढणं, झालेलं नव्हतं. केबिन क्रूमधल्या एका बाईंना ते दिसत होतं, प्रवासी म्हणून बसलेल्या दोन पायलटांनाही दिसत होतं, पण कॉकपिटमध्ये कोणीच सांगितलं नाही. विमान उडता उडताच झाडीत कोसळलं, 69 पैकी 24 जण गेले. त्या बाई वाचल्या आणि चौकशीत त्यांनी सांगितलं की असल्या गोष्टीत केबिन क्रूने लक्ष घालू नये अशीच तिथली पद्धत होती. कोणी म्हणेल की ते दोन पुरुष पायलटही गप्पच बसले की. खरंय, पण कॉकपिटमधल्यांना माहीत असेलच असं त्यांनी धरलं, आणि त्या बाईंच्या मनावर मात्र हे तुझं काम नाही असं बिंबवलेलं होतं. हा फरक मला फार मोठा वाटतो.

1977 मध्ये टेनेरिफ बेटावर रनवेवरच दोन विमानं धडकून 583 माणसं गेली, तिथे तर रनवे मोकळा आहे का अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली होती आणि कॅप्टनने ती उडवून लावली. असल्या अपघातांनंतरच 1979 मध्ये नासाची वर्कशॉप झाली आणि सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) ट्रेनिंग आलं, म्हणजे ज्युनिअरने बोलायचं आणि सिनिअरने ऐकायचं. पण ब्रीफिंग रूममध्ये जिच्या कपड्यांवर, लग्नावर, वजनावर सगळ्यांसमोर शेरे मारले जातात ती तासाभराने त्याच माणसाला "कॅप्टन, मला हे बरोबर वाटत नाही" असं कुठल्या भरवशावर म्हणणार?

एकदा मागच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या किचनमध्ये, मला जळल्यासारखा वास आला. इंटरकॉमवर सांगितलं तर कॅप्टन म्हणाले, "मॅडम, तुमचा परफ्यूम असेल", आणि फर्स्ट ऑफिसर हसला ते मला ऐकू आलं. मग आमच्यातल्या स्टीवर्डने, म्हणजे केबिन क्रूमधल्या पुरुषाने, तोच फोन उचलून तेच शब्द सांगितले, तेव्हा कुठे ओव्हन बंद करायला सांगितला आणि टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानातल्या बिघाडांच्या वहीत, नोंद झाली. वायरिंग जळालं होतं. त्याहून वाईट पुढे झालं, आमच्यातली एक नवीन मुलगी मला विचारायला लागली की काही दिसलं तर मी थेट सांगू का आधी स्टीवर्डला सांगायला लावू. आग लागल्यावर हा जादाचा निरोप पोचवायला वेळ कुठून आणायचा? भरलेलं विमान निम्म्या दारांतून 90 सेकंदांत रिकामं होतं हे विमान बनवणाऱ्या कंपनीला सिद्ध करावं लागतं, इतकं सेकंदांचं काम असतं हे.

आणि कॉकपिटमधल्या बाईचंही तेच. जगात एअरलाइन पायलटांमध्ये बायका अजून 10 टक्क्यांच्याही आत आहेत, त्यामुळे ती बहुतेक वेळा एकटीच असते. गो-अराउंड केलं, म्हणजे लँडिंग सोडून विमान परत वर नेलं, तर घाबरली म्हणतील, थकलेय म्हटलं तर झेपत नाही म्हणतील, हे डोक्यात ठेवून ती लँडिंग करत असेल तर तेवढं लक्ष रनवेवरून गेलंच ना. 10,000 फुटांखाली फालतू बोलणं बंद असा स्टराइल कॉकपिटचा नियम आहे तो लक्ष विचलित होऊ नये म्हणूनच, पण खाली जमिनीवर मारलेला टोमणा तिच्यासोबत वर जातोच.

मला वाटतं प्रत्येक इन्सिडेंट रिपोर्टमध्ये एक रकाना हवा, आधी कोणी सांगायचा प्रयत्न केला होता का, कोणी, आणि त्याला काय उत्तर मिळालं. आणि सिम्युलेटर चेकमध्ये कॅप्टनला इंजिन फेल देता तसा केबिनमधून एका घाबरलेल्या ज्युनिअर मुलीचा अर्धवट फोनही द्या, आणि तो कसा घेतला त्यावर पास-नापास ठरवा.