काजातला तुरा

कोटाच्या डाव्या कॉलरवर एक काज असते आणि त्याच्या जोडीचे बटण कधीच नसते. आपले शिंपी बहुधा ते दोऱ्याने नुसते आखून सोडतात, चिरतही नाहीत. तरीही नवरदेवाच्या कोटावर नेमक्या त्या जागी काहीतरी फुललेले असावे, ही अपेक्षा आता यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांतल्या लग्नांतही रुळली आहे. पंडित नेहरूंच्या अचकनीवरचा गुलाब आपण सगळ्यांनी छायाचित्रांत पाहिला आहे, पण वैशाखात पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना तसा गुलाब जानोशापासून मांडवापर्यंतही ताजा राहत नाही.

म्हणून तुरे घरी बांधायचे असतील, तर उन्हाने आधीच वाळवून ठेवलेल्या वस्तूंकडे वळावे, असे माझे मत आहे. आणि त्यांत कापसाच्या बोंडाला तोड नाही. वेचणी आटोपल्यावर, पऱ्हाट्या उपटण्यापूर्वी, नीट उमललेली थोडी बोंडे देठासकट कापून कोरड्या जागी ठेवली, तर ती उन्हाळ्यापर्यंत जशीच्या तशी राहतात. कवडी झालेले, म्हणजे नीट न उमलता कापूस आतच चिकटून राहिलेले बोंड मात्र घेऊ नये. आतली सरकीही काढू नये, कारण तंतू तिलाच धरून असतात आणि ती काढली की काळ्या कोटावर कापूस पसरलाच म्हणून समजा. बोंडाच्या वाळलेल्या कवचाची टोके चांगलीच टोचतात. ती नेलकटरने बोथट करून घ्यावीत.

सोबतीला पूर्ण पिकण्याआधी कापून सावलीत उलटी टांगलेली गव्हाची ओंबी, वाळल्यावरही जांभळा रंग न सोडणारे गुलमखमलीचे फूल आणि मागे आंब्याचे एक लहान, चिवट पान एवढे पुरे. रुईच्या मेणचट, टिकाऊ फुलांचाही मोह होतो. पण तिचा चीक डोळ्यांना घातक असतो, शिवाय ब्रह्मचारी मारुतीला वाहायचे फूल नवरदेवाच्या छातीवर लावू देणारी आजी आमच्या भागात तरी सापडायची नाही.

बांधायला जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगमधली तांब्याची बारीक तार उत्तम. शहरात यासाठी हिरवी फीत मिळते, जी ताणल्याखेरीज चिकटत नाही. आपण तारेवरून सुतळीचा एक पदर घट्ट गुंडाळला तरी भागते. देठ खाली ठेवून तुरा कोटावर धरावा आणि टाचणी कॉलरच्या मागून देठातून आरपार घालावी, म्हणजे तिचे डोके दिसत नाही आणि तुरा मानही टाकत नाही.

व्याह्यांसाठी केलेले तुरे मात्र व्याहीभेट उरकेपर्यंत ताटातच राहू द्यावेत. त्या कडकडून दिलेल्या आलिंगनात ओंबीची कुसळे नव्या सोयऱ्याच्या सदऱ्यात शिरली, तर जेवणाच्या पंगतीपर्यंत ती निघत नाहीत.