व्हायलमधले १६८ मिलिग्रॅम

उतारा, म्हणजे हिशोबाने निघायला हवा त्यातला किती टक्के माल हाती आला तो आकडा, शंभराच्या वर गेला की कुणीही थबकतं. ९९.३ टक्के आला की मात्र टाळ्या पडतात. त्या दिवशी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये तेच चाललं होतं. बाहेर पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता, ज्याच्या त्याच्या तोंडी 'आयर्विनला किती फूट झालं?', म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं, एवढा एकच विषय होता आणि रस्ते बंद व्हायच्या आत पुण्याचं पार्सल निघावं म्हणून साहेबांची घाई चालली होती.

पार्सलात जायचं होतं पाच अमिनो आम्लांची साखळी असलेलं पेप्टाइड: लायसिन, थ्रिओनिन, थ्रिओनिन, लायसिन, सेरिन. प्रोकोलॅजेन या प्रथिनातला हा एक तुकडा. पामिटिक आम्लाची शेपटी जोडलेलं त्याचं रूप सुरकुत्यांवरच्या क्रीममध्ये वापरतात. आमच्या गिऱ्हाइकाला ते शेपटीविना हवं होतं, पेशींवरच्या प्रयोगासाठी, १५० मिलिग्रॅम. ऑर्डरमध्ये 'नेट', म्हणजे निव्वळ पेप्टाइडचं वजन, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

बॅच केली होती आमच्या ज्युनिअर मुलीने, आणि काम स्वच्छ होतं. प्रत्येक कपलिंगनंतर, म्हणजे एकेक अमिनो आम्ल जोडून झालं की, ज्या रेझिनच्या मण्यांवर साखळी वाढते त्यातले चार मणी काचेच्या नळीत घेऊन निनहायड्रिन घालायचं, गरम करायचं. मणी निळे झाले तर मोकळं अमाइन, म्हणजे जोडणी न झालेलं टोक, शिल्लक आहे, पिवळे राहिले तर जोडणी झाली. एका थ्रिओनिनला दुसरं जोडताना मणी निळसर दिसले म्हणून तिने ते कपलिंग पुन्हा लावलं होतं. तशी नोंद लॉगबुकात होती. हे दोन शेजारी अडूनच बसतात.

तिचा हिशोबही सरळ होता. पहिलं सेरिन आधीच बसवलेलं रेझिन ०.५ ग्रॅम. बाटलीवरचं लोडिंग, म्हणजे ग्रॅमभर रेझिनवर किती सेरिन बसलंय तो आकडा, ०.६० मिलिमोल. म्हणजे एकूण ०.३० मिलिमोल. पेप्टाइडचा रेणुभार ५६३.६५. गुणाकार केला की १६९.१ मिलिग्रॅम. हातात आले १६८, म्हणजे ९९.३ टक्के. भागाकार बरोबर होता आणि लॅबच्या ठरलेल्या फॉर्ममध्ये रकानाही एवढ्याचसाठी होता.

माझं मन तिथेच अडलं. चार कपलिंग, त्यातलं प्रत्येक ९९ टक्के पूर्ण झालं असं धरलं तरी ९६ टक्केच उरतात. ९५ टक्क्यांनी झालं तर साडेएक्याऐंशी. त्यानंतर क्लीव्हेज, म्हणजे पेप्टाइड मण्यावरून सोडवणं, मग थंड इथरमध्ये साका पाडणं आणि प्रेप या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर शुद्धीकरण. प्रेपमध्ये आलेखातल्या शिखराच्या दोन्ही कडांचे फ्रॅक्शन आपण स्वतःच बाजूला टाकतो. एवढं सगळं होऊन ९९.३ टक्के माल हातात उरत नाही. ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ साली ही मण्यांवरची पद्धत चार अमिनो आम्लांचं पेप्टाइड करून दाखवली, १९८४ साली त्यांना नोबेलही मिळालं. पद्धतीची सगळी सोय अशी की माल मण्याला चिकटलेला राहतो आणि बाकीचं धुऊन टाकता येतं. पण त्याच कारणाने शेवटपर्यंत नेमकं किती तयार झालंय ते डोळ्यांना दिसत नाही. शेवटी व्हायलमध्ये उरते ती पांढरी, कापसासारखी पूड, आणि तिच्या वजनावर विश्वास ठेवायचा मोह होतो.

मी म्हटलं, "माझ्यासमोर परत वजन कर."

तिने व्हायल बॅलन्सवर ठेवली, झाकण काढलं, बॅलन्सची काच लावली. १६८.० आले. आम्ही दोघी आकड्याकडे बघत राहिलो. शेवटचा अंक ठरेना. १६८.३. १६८.६. १६९ ओलांडून गेला. त्या ओल्या हवेत पूड आमच्या डोळ्यांदेखत पाणी पीत होती. ती घाबरली, "मॅडम, बॅलन्स बिघडलाय का?" बॅलन्स ठणठणीत होता. व्हायल बंद करून ओल शोषणाऱ्या डेसिकेटरमध्ये ठेवली.

पण पाणी हा लहान वाटेकरी. मोठा वाटेकरी टीएफए, म्हणजे ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल. क्लीव्हेजच्या मिश्रणात ९५ टक्के तेच असतं, प्रेपच्या द्रावणातही तेच. या पेप्टाइडवर तीन अमाइन आहेत: दोन लायसिनच्या बाजूचे आणि एक टोकाचं. प्रत्येकाशी टीएफएचा एक रेणू क्षार होऊन बसतो. एकेकाचा भार ११४. क्षार झालेला असल्याने तो गोठवून सुकवणाऱ्या लायोफिलायझरमध्ये उडून जात नाही. म्हणजे व्हायलमधल्या रेणूचा भार ५६३.६५ नसून ९०५.७ आहे, आणि शुद्ध कोरड्या क्षारातही पेप्टाइड ६२ टक्केच.

तिने लगेच एचपीएलसीचा, म्हणजे शुद्धता मोजणाऱ्या यंत्राचा, कागद पुढे केला. "पण मॅडम, शुद्धता ९७ आलीय." ही समजूत मी फार ठिकाणी पाहिली आहे आणि ती मोडून काढायला मला कधी कंटाळा येत नाही. २१४ नॅनोमीटरवर डिटेक्टरला दिसतात पेप्टाइड बंध. पाणी त्याला दिसत नाही. टीएफए पेप्टाइडच्या शिखरात नसतंच, ते चालत्या द्रावणात मिसळून निघून जातं. ९७ टक्के म्हणजे जे पेप्टाइड दिसलं त्यातलं ९७ टक्के आपलं. पुडीत पेप्टाइड किती, हा प्रश्न त्या कागदाला विचारलेलाच नसतो.

पोरगी तासगावकडची, घरचा बेदाणा. क्षणभर गप्प राहून म्हणाली, "ओला बेदाणा काट्यावर घातल्यासारखं झालं." अगदी तसंच.

मग आम्ही पाटी कोरी केली. १६८ भागिले ९०५.७ म्हणजे ०.१८५५ मिलिमोल. ०.३० ने भागलं की ६१.८ टक्के. आता बाटलीवरचं ०.६० तपासायचं राहिलं. बाटली जुनी, बऱ्याचदा उघडलेली. पाच मिलिग्रॅम रेझिन घेतलं, डीएमएफ या द्रावकातल्या २० टक्के पिपरिडिनने सेरिनवरचा एफमॉक हा संरक्षक गट काढला (सुटलेला एफमॉक जेवढा, तेवढंच सेरिन), द्रावण २५ मिलिलिटर केलं आणि यूव्हीवर ३०१ नॅनोमीटरला लावलं. ०.६० असतं तर शोषण ०.९४ च्या आसपास यायला हवं होतं. आलं ०.८११. शोषणाचा गुणांक ७८०० धरून लोडिंग निघालं ०.५२. म्हणजे भाजक ०.३० चा ०.२६ झाला आणि उतारा ७१ वर चढला. इथे तिचा चेहरा उजळला, आणि मला ते आवडलं. खरा हिशोब दर वेळी आकडा खालीच ओढतो असं नाही.

साहेबांना समजावणं त्याहून जड गेलं. "मॅडम, सगळे ग्रॉस वजनच देतात. व्हायलमध्ये १६८ आहेत, त्यांनी मागितले १५०." मी म्हटलं, "साहेब, त्यांनी नेट मागितलंय. पुण्याच्या त्या बाई या वजनावरून द्रावण करणार, आणि त्यांचा प्रत्येक डोस तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी पडणार." ते बराच वेळ खिडकीतून पाऊस बघत राहिले. मग स्वतःच पुण्याला फोन लावला आणि माल उशिरा येईल म्हणून सांगितलं.

नमुना नायट्रोजनच्या तपासणीला बाहेर पाठवला. नायट्रोजनच का, तर तो टीएफएत नाही, पाण्यातही नाही. जेवढा सापडेल तेवढा पेप्टाइडचाच. या पेप्टाइडमध्ये तो १७.४० टक्के असायला हवा, अहवालात आला १०.३. भागाकार ५९.२ टक्के. म्हणजे १६८ मधले ९९.५ मिलिग्रॅम पेप्टाइड, त्यातले ९७ टक्के आपलं, म्हणून ९६.५. मोलमध्ये ०.१७१. ०.२६ वर उतारा ६५.८ टक्के. पेशींवरच्या कामासाठी शुद्ध केलेलं पेप्टाइड या प्रमाणात हाती येणं ही चांगली बॅच आहे, आणि मी तसंच लॉगबुकात लिहून खाली सही केली.

कमी पडत होते साडेत्रेपन्न मिलिग्रॅम. दुसऱ्या बॅचला रेझिन किती घ्यायचं ते तिने स्वतः काढलं. जुन्या ९९ टक्क्यांवर आणि बाटलीवरच्या लोडिंगवर गेली असती तर १६० मिलिग्रॅम घेतलं असतं, आणि पेप्टाइड कसंबसं ३१ मिलिग्रॅम मिळालं असतं. तिने ६६ टक्के आणि ०.५२ धरून २८० काढलं, नुकसानीला जागा ठेवून ३५० घेतलं. नेट निघालं ६९, उतारा ६७ टक्के. पूर ओसरल्यावर दोन्ही व्हायल पुण्याला गेल्या. लेबलवर आता तीन ओळी होत्या: ग्रॉस वजन, नेट पेप्टाइड आणि क्षार कोणता.