आमची वाटचाल : पाईप फुटावर, खर्च भिंतीवर

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पाईप बदलायला फुटाला किती घेता?" आम्ही फुटाचा दर सांगत नाही. त्यामुळे गोव्यातल्या फोंड्यात आमची ख्याती अशी की काम चोख, पण माणूस शिष्ट. शिष्ट तर शिष्ट. घरातले जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाईप काढून नवे घालायच्या कामात पाईप हीच सगळ्यात स्वस्त वस्तू असते. माझी कुठलीही वही उघडा. शंभर रुपयांतले पंचवीस-तीस पाईप, फिटिंग, क्लॅम्प आणि सोल्युशनचे. बाकीचे जातात भिंत फोडण्यात, पाईप बसवायला झिरी म्हणजे खाच मारण्यात, गवंड्याला, टाईलला, प्लास्टर-रंगाला, आमच्या पोरांच्या मजुरीला, आणि काम चालू असेपर्यंत स्वयंपाकघरात नि संडासात तात्पुरती लाईन ओढून देण्यात. ही तात्पुरती लाईन कोटेशनात लिहिली की गिऱ्हाईक म्हणतं, "ती कशाला? दोन दिवस भागवून घेऊ." भागवत कोणी नाही. दुपारी बाराला घरातल्या बाईंचा आवाज चढतो आणि मग फुकटात ओढून द्यावी लागते.

आमचं प्लंबिंगचं दुकान १९९६ चं. मी आणि उस्ताद. उस्ताद हे त्यांचं नाव नव्हे, पण सगळा बाजार त्यांना याच नावाने ओळखायचा, म्हणून इथेही तेच. दुकानाचा परवाना माझ्या नावावर आणि हुन्नर त्यांच्याकडे, अशी भागीदारी. भांडवल म्हणजे एक वाईस, दोन पाईप पाने, एक चेन पाना आणि पाईपाला आटे पाडायचा उस्तादांचा डाय सेट. अर्धा, पाऊण आणि एक इंची जबडे त्याच्या लाकडी पेटीत वेगवेगळ्या खणांत तेल लावून ठेवलेले. त्या पेटीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आटे पाडताना उस्ताद डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा ठेवायचे. डाय फिरताना करकर एकसारखी आली पाहिजे. मध्येच किंचाळल्यासारखा आवाज आला की थांबून अर्धा आटा मागे घ्यायचा, कीस झाडायचा, तेल सोडायचं आणि पुन्हा पुढे. मग आट्यांवर सुतळी, वर सफेदा. सुतळी कुठल्या दिशेने गुंडाळायची यावर मी त्यांचा मार खाल्ला आहे. आज टेफ्लॉनच्या टेपवर वाढलेल्या पोरांना हे सांगितलं तर हसतात. हसोत. उस्तादांनी बसवलेले काही जॉइंट मी अलीकडे कापून काढले. आतला पाईप गंजून गेलेला, जॉइंट मात्र कोरडा ठणठणीत.

पाईप घेतानाही त्यांचा नियम होता. पिवळा पट्टा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. घरात निळ्याच्या खाली जायचं नाही. गोव्यात साठ-सत्तरच्या दशकांनंतर जी घरं नळाला जोडली गेली, त्यांतल्या कितीतरी घरांत पैसे वाचवायला पिवळा घातला गेला. त्यात अनेकांनी स्वतःच्या विहिरीचा पंपही त्याच लाईनीला जोडला. जांभ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी बहुधा थोडं आम्लाकडे झुकलेलं असतं. ते आधी जस्त खातं, मग लोखंड. अर्धा इंची पाईप कापला तर आत पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक उरलेलं दिसतं. लोक म्हणतात प्रेशर नाही, पाण्याच्या खात्याला शिव्या घालतात आणि पंप मोठा बसवतात. मोठ्या पंपाने गंजलेला पाईप फुटतो आणि मग फोन आम्हाला.

पहिली पंधराएक वर्षं बरी गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुकान भाड्याचं होतं ते स्वतःचं झालं, एक रिक्षा-टेम्पो आला. पुढे सीपीव्हीसी आलं, म्हणजे सोल्युशनने चिकटवायचे, गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे पाईप. उस्तादांना ते कधीच आवडलं नाही. "डिंक लावून पाणी थांबतं का?" म्हणायचे. गुडघे गेले तेव्हा त्यांनी दुकानावर येणं बंद केलं. डाय सेटची पेटी मात्र माझ्याकडे ठेवून गेले.

एका गिऱ्हाइकाबद्दल लिहायलाच हवं. सावईवेऱ्याचे मास्तर. मराठी शाळेतून निवृत्त झालेले. घर चौकाचं, मध्ये राजांगण, चिऱ्याच्या दीडदोन हात जाड भिंती, चिऱ्यांमध्ये माती आणि वर चुन्याचा गिलावा. असल्या भिंतीत झिरी मारायला गेलात तर झिरी राहत नाही, चिराच सुटतो. मी पहिल्यांदा कोटेशन दिलं तेव्हा मास्तरांनी चष्मा लावून ते परीक्षेचा पेपर तपासावा तसं लाल शाईने तपासलं आणि विचारलं, "यात पाईप एवढेच, मग बाकी पैसे कशाचे?"

मी म्हटलं, "मास्तर, भिंतीचे."

"मग भिंतीला हात लावू नकोस."

आम्ही तसंच केलं. लाईन घराच्या मागच्या बाजूने, पागोळीच्या आत, क्लॅम्पवर उघडी नेली आणि न्हाणी नि स्वयंपाकघरात जिथे पाणी हवं तिथेच आरपार भोक पाडून आत घेतली. उन्हाचा कवडसा पडतो त्या भागाला रंग दिला, कारण सीपीव्हीसीला ऊन मानवत नाही, काही वर्षांत ठिसूळ होतं. भिंत फोडण्याचा, गिलाव्याचा आणि रंगकामाचा खर्च जवळजवळ पूर्ण वाचला. मास्तरांच्या सूनबाई म्हणाल्या, बाहेरून नळ्या दिसतात. मास्तर म्हणाले, "दिसूंदी. फुटली तर कुठें फुटली तेंय दिसतलें." तेव्हापासून त्या घरचा वॉशरसुद्धा आमच्याशिवाय कोणी बदललेला नाही. त्यांच्याकडे एक दोनशेपानी वही आहे. त्यात प्रत्येक दुरुस्तीची तारीख, कोण आला, काय लावलं, किती घेतले, हे सगळं आहे. माझ्या हिशेबात कधी गोंधळ झाला तर मी त्यांच्या वहीवरून दुरुस्त करतो.

आता मुख्य गोष्ट. २०१२ च्या सप्टेंबरात राज्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. डिचोली, सत्तरी, सांगेकडची आमची निम्मी कामं म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांची आणि बार्जवाल्यांची घरं होती. नवा मजला, नवा बाथरूम, सगळं जागच्या जागी थांबलं. झालेल्या कामांचे पैसेही अडकले. ज्या माणसाच्या दारात चार ट्रक चिंचेखाली उभे आहेत, त्याच्याकडे वसुलीला कुठल्या तोंडाने जायचं? अशा वेळी मडगावकडच्या एका जुन्या हाउसिंग सोसायटीचं काम निघालं. गच्चीवरच्या टाकीपासून खाली उतरणारे सगळे जीआय पाईप, शिवाय प्रत्येक फ्लॅटमधली आतली लाईन. मी कोटेशन दिलं. पाईप वेगळा, मजुरी वेगळी, फोडकाम वेगळं, टाईल-प्लास्टर वेगळं, टेस्टिंग वेगळं. पाच पानं झाली.

दुसऱ्या एकाने अर्धं पान दिलं. फ्लॅटमागे एक आकडा, सगळं धरून. माझ्यापेक्षा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी. हा माणूस पूर्वी आमच्याच कामांवर टाईल पोचवायचा. त्याने नंतर फिटर धरले आणि ठेकेदार झाला. कमिटीने अर्थातच त्याला काम दिलं. "तुमचे पाईप सोन्याचे आहेत का?" असं एका सभासदाने मला जिन्यात विचारलं होतं. तो जिना मला अजून आठवतो.

एवढ्या कमी रकमेत काम कसं होतं ते सांगतो. गीझरच्या गरम लाईनीला सीपीव्हीसीऐवजी साधा पांढरा यूपीव्हीसी लावायचा. तो थंड पाण्याचा पाईप आहे, गरम पाण्याने मऊ पडतो. जिथे जुन्या जीआयला नवीन जोड द्यायचा तिथे पितळी आट्याचं फिटिंग न घेता प्लास्टिकचा आटा लोखंडी निपलवर पान्याने आवळायचा. त्या दिवशी टिकतो, तडे नंतर जातात. सगळं भिंतीत गाडायचं आणि टेस्ट न करता वर टाईल मारायची. म्हणजे गळती दिसेल तेव्हा ती खालच्या फ्लॅटच्या छतावर दिसेल आणि तोवर आपलं बिल निघालेलं असेल.

दोन बिल्डिंगी करून तो निघून गेला. उरलेल्यांसाठी कमिटी माझ्याकडे आली. दुकानाला कामाची गरज होती, घेतलं. हार्डवेअरवाल्याकडून माल उधारीवर उचलला. आम्ही केलेल्या प्रत्येक लाईनीला भिंत बुजवण्यापूर्वी टेस्ट पंप लावला, प्रेशर चढवून रात्रभर ठेवलं, सकाळी गेजचा काटा सेक्रेटरींना दाखवला आणि रजिस्टरवर त्यांची सही घेतली. काम संपत आलं आणि पहिल्या दोन बिल्डिंगींत गळती सुरू झाली. एका फ्लॅटमध्ये लग्नासाठी केलेल्या फॉल्स सीलिंगमधून पाणी आलं. जनरल बॉडीत ठराव झाला की सगळ्या प्लंबिंगचं पेमेंट रोखावं. सगळ्या, म्हणजे माझंसुद्धा.

मी सह्यांचं रजिस्टर घेऊन उभा राहिलो. तेच सेक्रेटरी म्हणाले, "सही माझीच आहे, पण आम्हाला त्यातलं काय कळतं?" बाकावर बसलेले दहा लोक हसले. मग हार्डवेअरवाला दारात, पोरांचे दोन महिन्यांचे पगार थकलेले, पतसंस्थेत बायकोचे दागिने. टेम्पो विकला. दुकानाला गिऱ्हाईक लागलं होतं, किंमतसुद्धा ठरत आली होती. मास्तरांना कुठूनसं कळलं. ते बसने आले, काउंटरवर एक पाकीट ठेवलं आणि म्हणाले, "घराच्या मागल्या बाजूची दुसरी लाईन करायची आहे, हा आगाऊ." त्या लाईनीला काही झालेलं नव्हतं. पण मी ती केली आणि बिलाप्रमाणेच पैसे घेतले, त्यांना दुसरं काही चाललं नसतं. सोसायटीचे पैसे पुढे तुकड्यातुकड्यांनी आले. शेवटचा हप्ता आजही येणं आहे. वहीत ते पान दुमडलेलं ठेवलं आहे. तो ठेकेदार मात्र आता बिल्डर आहे, मोठ्या गाडीतून फिरतो, आणि भेटला की मला "काय, बरे ना?" विचारतो.

सावरलो ते २०१९ नंतर. त्या ऑगस्टमध्ये खांडेपारला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाची मोठी जलवाहिनी फुटली आणि फोंडा नि तिसवाडीला कित्येक दिवस पाणी नव्हतं. पणजीत लोक टँकरमागे धावत होते. पण आमच्या दृष्टीने खरी गंमत पाणी परत आलं तेव्हा झाली. कोरड्या पडलेल्या जुन्या जीआय लाईनींत हवा आणि गढूळ पाणी जोरात शिरलं, आतला गंजाचा थर सुटला आणि नळ, गीझर, वॉशिंग मशीनच्या जाळ्या सगळं तुंबलं. लोकांना आपल्या पाईपात काय साचलं आहे ते पहिल्यांदा बादलीत दिसलं. त्या दिवाळीपर्यंत दुकानात बसायला वेळ नव्हता.

आता मुलगा बघतो. त्याने पीपीआर या प्लास्टिकच्या पाईपांचं वेल्डिंग मशीन आणलं आहे, पाईप तापवून एकमेकांत बसवतो, काम सुरेख होतं. त्याच्या कोटेशनातही पाच पानं असतात, आणि त्यालाही लोक शिष्ट म्हणतात.

विचारलं नाहीत तरी सांगतो. सगळे नळ बंद करून मीटरकडे बघा. काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे, बहुधा भिंतीत. सकाळचं पहिलं पाणी तांबूस आणि नंतरचं स्वच्छ असेल, तर गंज तुमच्या घरातला आहे, ओपाचा नाही. अर्धी लाईन बदलून अर्धी जुनी ठेवू नका, प्रेशर वाढलं की गळती फक्त पुढच्या खोलीत सरकते. बाथरूमच्या टाईल येत्या दोन वर्षांत बदलायच्याच असतील तर पाईप तेव्हाच बदला, फोडकामाचा खर्च एकदाच. बुजवण्यापूर्वी मोजायची टेप लावून फोटो काढा, नाहीतर पुढे टॉवेलचा हूक ठोकणारा नेमका पाईपातच खिळा मारतो. आणि जुन्या घरांत विजेची अर्थिंग बऱ्याचदा नळाच्या लोखंडी पाईपालाच बांधलेली असते. पाईप प्लास्टिकचा झाला की ती अर्थिंग गेली. आधी वायरमनला बोलवा, मग आम्हाला. हे कोणी सांगत नाही, कारण त्यात प्लंबरला पैसे मिळत नाहीत.

मीटरच्या बाहेरची लाईन असेल तर खात्याची परवानगी, परवानाधारक प्लंबरची सही आणि रस्ता खणायचे पैसे वेगळे लागतात, आणि पावसात रस्ता खणू देत नाहीत. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठ दिवस आधी फोन करून "माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची आरास) बांधायच्या आत नळ पाहिजे" म्हणणाऱ्यांना यंदापासून मुलगाच उत्तर देणार आहे. तो माझ्यापेक्षा गोड बोलतो, पण उत्तर तेच असेल.