संत्र्याची बरणी, चिकट फरशी आणि हायड्रोमीटर

फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून आपण फरशी पुसण्याचा घरगुती द्रव, म्हणजे बायो-एन्झाइम, करतो. त्यातली संत्र्याच्या सालींची बरणी तीन महिने पूर्ण झाल्यावर गाळली. रंग गडद पिवळा, वास उत्तम आणि पीएच पट्टीवरचे माप ३.६, म्हणजे आपल्या नेहमीच्या कसोटीप्रमाणे द्रव तयार झाला होता. तरीही बादलीभर पाण्यात नेहमीच्या प्रमाणात मिसळून पुसलेली फरशी वाळल्यावर पावलांना चिकटू लागली आणि दुपारपर्यंत ओट्याखाली मुंग्यांची रांग लागली. शेजारीच ठेवलेली अननसाच्या सालींची बरणी त्याच आठवड्यात, त्याच ढेपेतला गूळ घालून आणि त्याच १:३:१० प्रमाणाने (एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी) लावलेली होती. तिच्या द्रवाने पुसलेल्या फरशीला मात्र कसलाही चिकटपणा आला नाही.

मुंग्या आल्या म्हणजे साखर शिल्लक आहे, हे उघड होते. प्रश्न होता तो किती शिल्लक आहे हे मोजण्याचा. नाशिकमध्ये घरगुती वाइन करणाऱ्या हौशी मंडळींची कमतरता नाही आणि त्यांच्याकडे द्रवाची घनता मोजणारे जे हायड्रोमीटर असते, तेच येथे उपयोगी पडते. एक लिटर पाण्यात शंभर ग्रॅम गूळ विरघळवला की विशिष्ट घनता साधारण १.०३० च्या आसपास येते आणि आंबण्याच्या क्रियेत साखर संपत जाते तसतशी ती पाण्याच्या, म्हणजे १.००० च्या, दिशेने उतरते. अननसाच्या द्रवाची घनता १.००३ भरली, तर संत्र्याच्या द्रवाची १.०२३. याचा अर्थ तीन महिन्यांत संत्र्याच्या बरणीतला बहुतेक गूळ जसाच्या तसा राहिला होता. माप घेताना द्रव गाळून आणि ढवळून त्यातला वायू आधी काढून टाकावा. बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून ते वर उचलतात आणि आकडा फसवा येतो.

पीएच पट्टीवर आपण सर्वांनीच गरजेपेक्षा अधिक भिस्त ठेवली आहे, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे. थोडेसे आम्ल तयार झाले तरी पीएच सुरुवातीलाच झपाट्याने उतरतो आणि नंतर जवळपास तेथेच रेंगाळतो. त्यामुळे द्रव आंबट झाला एवढे पट्टी सांगते, गूळ संपला की नाही हे सांगत नाही. त्यातही १ ते १४ अशी पूर्ण पल्ल्याची पट्टी आपल्या कामाला निरुपयोगी आहे, कारण तिच्यावर ३ आणि ४ यांमधला रंगांचा फरक डोळ्यांना नीट कळतच नाही. वाइनसाठी मिळणारी कमी पल्ल्याची पट्टी थोडी महाग असली तरी तीच घ्यावी.

आता मुख्य प्रश्न, की क्रिया अडली का. नाशिकच्या थंडीवर पहिला संशय येतो, पण तीच थंडी सोसून अननसाची बरणी व्यवस्थित उतरली आहे. गूळही एकाच ढेपेतला असल्यामुळे तोही सुटला. (पिवळाधमक गूळ मी घेत नाही, तो उजळ करण्यासाठी गंधकाची संयुगे वापरतात आणि ती आंबवण्याचे काम करणाऱ्या यीस्टला मानवत नाहीत.) राहता राहिली साल. संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन असतो. ओशटपणा काढणारे, सुगंध देणारे हेच द्रव्य यीस्टची वाढ रोखते, आणि नागपुरी संत्र्याची ताजी साल हाताने नुसती दुमडली तरी तेलाचा फवारा उडतो, इतके ते तिच्यात भरलेले असते. अननसाच्या सालीत असे तेल नसते, उलट रानयीस्ट भरपूर असते.

त्यामुळे अडलेल्या द्रवाला विरजण लावले. गाळलेला द्रव रुंद तोंडाच्या बरणीत ओतून, वर पातळ फडके बांधून काही दिवस उघडा ठेवला, म्हणजे तेल जेवढे उडून जाईल तेवढे जाईल. मग त्यात अननसाच्या बरणीतला तळाचा गाळ आणि सालींचे थोडे तुकडे घालून ती गॅलरीच्या उबदार कोपऱ्यात सरकवली. गाळ घातल्याच्या दुसऱ्या दिवशी कडेने बारीक बुडबुडे दिसू लागले, तो आनंद ज्यांच्या बरण्या अडल्या आहेत त्यांनाच कळेल. ताजे माप १.०११ आहे. १.००५ च्या खाली येईपर्यंत ही बरणी फरशीच्या वाटेला जाणार नाही.

मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यातून येणाऱ्या, संत्र्यांची साल उन्हात वाळवून पुढच्या बरणीत घालण्याचा बेत होता, पण वाळवण्यात तेलच गेले तर संत्री वापरण्यात अर्थ काय उरतो, असे लिहिता लिहिता वाटू लागले आहे. त्यापेक्षा आंबवण्यासाठी केवळ अननस आणि सफरचंदाची साल वापरावी, आणि संत्र्याची ताजी साल रिठ्याच्या काढ्यात भिजत घालावी, हे अधिक सयुक्तिक दिसते. रिठ्यातले सॅपोनिन, म्हणजे फेस आणणारे द्रव्य, तेलाला पाण्यात धरून ठेवते, आणि रिठा आपण शेवटी मिसळतोच. नुसता रिठ्याचा काढा दोन-चार दिवसांत नासतो, परंतु तयार आंबट द्रवात मिसळल्यावर तो अधिक टिकायला हवा.

अननसाच्या द्रवाने बोअरच्या पाण्यामुळे नळांवर बसलेला पांढरा क्षारही काढला. द्रव पाणी न घालता फडक्यावर घेऊन अर्धा तास गुंडाळून ठेवला आणि घासणीने हलकेच घासले. हे काम आम्लाचे आहे, एन्झाइमचे नव्हे, आणि म्हणूनच शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवरी फरशीवर हा द्रव वापरू नये. तेही चुनखडीचेच दगड आहेत आणि त्यांची चकाकी जाते. ब्लीचमध्ये तर तो कधीच मिसळू नये, कारण क्लोरीन वायू सुटतो.

रिठ्याच्या काढ्यात घालण्यासाठी संत्र्याची साल किसावी की मिक्सरमधून काढावी, हे अजून ठरलेले नाही. किसताना आतला पांढरा भाग टाळता येतो आणि द्रव गढूळ होत नाही, म्हणून पहिली लहान बाटली किसूनच लावणार आहे.