तुम्ही विचारलंत म्हणून: डेस्मंड डॉस यांनी ७५ जखमी कसे उतरवले, आणि त्यानंतरचं आयुष्य

२०१६ साली 'हॅकसॉ रिज' हा हॉलिवूडचा चित्रपट आला, तेव्हापासून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात वैद्यकीय जवान असलेल्या डेस्मंड डॉस यांच्याबद्दल एक प्रश्न ठरलेला आहे. हातात बंदूक नसलेल्या एकट्या माणसानं कड्यावरून ७५ जखमी खाली उतरवले, हे खरंच घडलं की सिनेमासाठी वाढवलं? चर्चच्या तरुण मंडळातली मुलं विचारतात, ख्रिस्ती नसलेले मित्रही विचारतात. उत्तर असं की घडलं. मात्र ते कसं घडलं हे सिनेमात पुरतं कळत नाही, आणि त्यानंतरची ६० वर्षं तर त्यात जवळपास नाहीतच.

आधी आकड्याचं बघू. त्या दिवशी कुणी वही घेऊन मोजत बसलं नव्हतं. डॉस स्वतः म्हणत, ५० पेक्षा जास्त नसतील. वरिष्ठ म्हणाले, १०० तरी असतील. शेवटी मधला आकडा, ७५, कागदावर आला. तारखेबाबतही मतं जुळत नाहीत. मेडल ऑफ ऑनर ह्या अमेरिकेच्या सर्वोच्च लष्करी पदकासोबतच्या सन्मानपत्रात ही घटना २ मे १९४५ च्या आधी येते, तर बहुतेक वृत्तान्तांत ती शनिवारी, ५ मे रोजी घडल्याचं सांगतात. डॉस सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट ह्या प्रॉटेस्टंट पंथाचे, आणि शनिवार हा त्या लोकांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस. डॉस त्या दिवशी रोजचं काम करत नसत, पण जखमींची सेवा करत. येशूनं शब्बाथाला आजारी माणसं बरी केली, तर आपण का करू नये, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं.

जागा जपानच्या ओकिनावा बेटावरचा माएदा कडा. सन्मानपत्रात त्याची उंची ४०० फूट आहे, पण ती सगळ्या टेकडीची. दोरानं माणूस सोडायचा तो वरचा उभा भाग साधारण ३० ते ५० फुटांचा, जिथे सैनिक मालवाहू जाळ्या टांगून चढले होते. वर पोचल्यावर तोफा, उखळी तोफा आणि मशीनगन यांचा मारा झाला, तुकडी मागे हटली आणि जखमी वरच राहिले. त्यांच्यासोबत डॉस राहिले.

सन्मानपत्र म्हणतं की जखमींना दोरानं बांधलेल्या स्ट्रेचरवरून उतरवलं. सुरुवात तशी झाली खरी. पण स्ट्रेचर चारी बाजूंनी आवळून बांधायला वेळ लागतो, तो परत वर ओढून घ्यावा लागतो, आणि एकट्याच्या हातात तो कलंडतो. म्हणून डॉस गाठीकडे वळले. प्रशिक्षणाच्या काळात बोलाइन ह्या, दोराला न आवळणारं एक कडं करणाऱ्या गाठीचा सराव करताना दोर दुहेरी असल्यामुळे त्यांच्या हातून एकाऐवजी दोन कडी तयार झाली होती. ती त्यांच्या लक्षात राहिली.

ही गाठ अशी बांधतात. दोर दुमडून दुहेरी घ्यायचा आणि त्या दुहेरी दोरातच एक लहान वळसा घालायचा. दुमडलेलं टोक त्या वळशातून खालून वर काढायचं. मग ते टोक फाकवून दोन्ही मोठ्या कड्यांवरून खाली आणायचं, मागून वर नेऊन गाठीवर बसवायचं आणि ओढून घट्ट करायचं. दोन मोठी कडी मिळतात, आणि भार आला तरी ती आवळत नाहीत. सगळं महत्त्व ह्या न आवळण्यात आहे. सरकती गाठ छातीला लावली तर माणसाचं स्वतःचं वजनच त्याचा श्वास कोंडतं.

एका कड्यातून एक पाय, दुसऱ्यातून दुसरा, कडी मांडीच्या मुळापर्यंत. मग उरलेल्या दोराची आणखी एक बोलाइन छातीभोवती. हा तिसरा वेढा घालायचा राहून गेला तर शुद्ध हरपलेला माणूस मागे कोलमडतो आणि डोक्यावर खाली जातो. दोन कडी लहानमोठी झाली तर सगळं वजन एकाच मांडीवर येतं, आणि त्याच मांडीत गोळी असेल तर काय होईल ते सांगायला नको. वरच्या बाजूला दोर झाडाच्या बुंध्याला वेढा देऊन सोडायचा. नुसत्या हातांनी धरून सोडला तर तळवे सोलून निघतात आणि दोर सुटतो. वेढ्याच्या घर्षणानं बरंचसं वजन बुंधा पेलतो, माणसाला फक्त वेग सांभाळावा लागतो. डॉस पहिलवान नव्हते, सडपातळ होते. हे काम ताकदीपेक्षा पद्धतीवर झालं. खाली सोबती जखमीला सोडवून घेत, दोर वर जाई, आणि डॉस पुढच्याकडे सरपटत जात. प्रत्येक वेळी प्रार्थना एकच: प्रभू, अजून एकाला वाचवायला मदत कर.

आता डॉस बंदूक का घेत नसत ते. डॉस यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९१९ चा, व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचा. घरच्या भिंतीवर दहा आज्ञांची तसबीर होती. त्यात "खून करू नको" ह्या आज्ञेपाशी काइन आपल्या भावाला मारून उभा आहे, असं चित्र होतं. (प्रॉटेस्टंट मोजणीत ही सहावी आज्ञा, वसई-गोव्याच्या कॅथलिक वाचकांना ती पाचवी म्हणून पाठ असेल.) पुढे ते जहाजबांधणीच्या कारखान्यात कामाला होते, तिथे राहून लष्करभरतीतून सवलत मिळाली असती. ती त्यांनी घेतली नाही. १ एप्रिल १९४२ रोजी ते सैन्यात गेले, आणि त्याच वर्षी १७ ऑगस्टला डोरोथीशी त्यांचं लग्न झालं. प्रार्थनेला गुडघे टेकले की बराकीतले लोक बूट फेकून मारत. मानसिक कारण दाखवून त्यांना घरी पाठवण्याचाही प्रयत्न झाला, तो फसला.

वैद्यकीय जवानाकडे बंदूक नसली तरी ओझं कमी नसे. पट्ट्याला दोन पिशव्या, त्यांत जखमेवरच्या पट्ट्या, सल्फा पावडर, मॉर्फिनच्या छोट्या नळ्या, रक्त थांबवायचे आवळपट्टे. शिवाय प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग. एका डब्यात कोरडा प्लाझ्मा भरलेली बाटली, दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाण्याची. पाणी त्यात सोडून पावडर विरघळेपर्यंत हलवायचं, मग शिरेत सुई घालून बाटली उंच धरायची. ह्या उंच धरण्यातच जिवाला धोका. आडोशाला आडवं पडून प्लाझ्मा देता येत नाही, कुणीतरी गुडघ्यावर उठून बसावंच लागतं. ५ मे रोजी डॉस यांनी तोफखान्याच्या एका अधिकाऱ्याला असाच, गोळे जवळ पडत असताना प्लाझ्मा दिला. हा प्रसंग कड्याइतकाच मोठा आहे असं आम्ही मानतो, पण तो फारसा सांगितला जात नाही.

२१ मेच्या रात्री शुरीजवळ हातबाँबनं त्यांचे पाय जखमी झाले. दुसऱ्या वैद्यकीय जवानाला आडोशाबाहेर बोलावण्याऐवजी स्वतःच मलमपट्टी करून ते ५ तास पडून राहिले. स्ट्रेचर आला, तर वाटेत जास्त जखमी माणूस दिसला म्हणून खाली उतरून त्यांनी तो त्याला दिला. मग गोळीनं हात मोडला. रायफलीचा दस्ता हाताला खपाचीसारखा बांधून ते ३०० यार्ड रांगत गेले. आयुष्यात बंदुकीचा त्यांनी केलेला वापर हाच. डोरोथीनं दिलेलं छोटं बायबल त्या धांदलीत हरवलं. एके काळी बूट फेकणारी ती तुकडी नंतर रणभूमीवर ते शोधत फिरली आणि सापडल्यावर टपालानं पाठवून दिलं.

१२ ऑक्टोबर १९४५ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी मेडल ऑफ ऑनर दिलं. शस्त्र नाकारून हे पदक मिळवणारे ते पहिले, आणि ते जिवंतपणी स्वीकारणारे एकमेव. नंतरच्या दोघांना व्हिएतनाम युद्धातल्या कामगिरीसाठी मरणोत्तर मिळालं.

इथून पुढचं कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. १९४६ मध्ये मुलगा झाला, आणि त्याच वर्षी क्षयाचं निदान झालं. लढाईच्या काळात जडलेल्या ह्या रोगानं डावं फुप्फुस आणि ५ फासळ्या काढाव्या लागल्या. १९५१ पर्यंत बहुतेक काळ लष्करी रुग्णालयांत गेला. पुढे ९० टक्के अपंगत्वाचं निवृत्तिवेतन, जॉर्जियातल्या रायझिंग फॉन गावी घर, थोडी शेती. पूर्णवेळ नोकरी झेपत नव्हती, संसाराचा मोठा भार डोरोथीनं उचलला. १९७६ मध्ये प्रतिजैविकांची मात्रा जास्त झाल्यानं ते पूर्ण बहिरे झाले. १९८८ मध्ये कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेनं बसवायचं यंत्र) बसेपर्यंत, म्हणजे १२ वर्षं, उपासनेतलं एकही गीत कानावर नाही. तरी उपासना चुकली नाही, चर्चच्या मुलांमध्ये मिसळणं थांबलं नाही.

नोव्हेंबर १९९१ मध्ये कर्करोगग्रस्त डोरोथीला रुग्णालयात नेताना मोटारीला अपघात झाला. गाडी डॉस चालवत होते. डोरोथी गेली. कड्यावर "अजून एक" मागणाऱ्या माणसाला हेही सोसावं लागलं, आणि त्यांची श्रद्धा मोजायची तर ती इथे मोजली पाहिजे. १९९३ मध्ये त्यांनी फ्रान्सिसशी लग्न केलं. २३ मार्च २००६ रोजी अलाबामातल्या पीडमाँट इथे वयाच्या ८७ व्या वर्षी ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. कबर चॅटानूगाच्या राष्ट्रीय दफनभूमीत आहे.

पुण्याशी ह्या अॅडव्हेंटिस्ट मंडळीचं नातं जुनं आहे: स्पायसर कॉलेज (आताचं स्पायसर अॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ), सॅलिसबरी पार्कातला ओरिएंटल वॉचमन छापखाना. अॅडव्हेंटिस्ट पाथफाइंडर क्लबांत (चर्चच्या, स्काउटसारख्या मुलांच्या गटांत) मुलांना गाठी शिकवतात, तिथे डॉस यांच्याबद्दल सांगायचं झालं तर गाठीपासून सुरुवात करावी. बोटाएवढा जाड सुती दोर, प्रत्येकी ५ मीटर पुरे. जमिनीवर बसलेल्या जोडीदाराच्या पायांत कडी घालायची, आवळण्यापूर्वी दोन्ही सारखी आहेत का ते पाहायचं, कारण एक ओढलं की दुसरं लहान होतं. मग छातीचा वेढा. उंचावरून कुणालाही सोडायचं नाही. मुलांचे हात गाठीत गुंतलेले असताना माएदा सांगावा, आणि गाठी सोडायला लागली की रायझिंग फॉनचं घर, डोरोथी आणि ती बहिरेपणाची १२ वर्षं.