स्वारगेटला पार्किंग किती हवं?

परवा सोसायटीत पुन्हा तोच वाद. पुण्यात स्वारगेटला मेट्रो आली, मग बहुमजली पार्किंग का नाही? माझं मत उलटं आहे. एसटी, पीएमपीच्या शहर बस आणि सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो, तिन्ही जिथे भेटतात ती मोक्याची जागा चारचाक्यांना द्यायची म्हणजे जेधे चौकात कोंडी विकत घ्यायची. पार्किंग स्वस्त झालं की बसकडे कोण फिरकतंय? गाड्यांची सोय करायचीच तर वनाजसारख्या टोकाच्या स्टेशनांवर करा.

स्वारगेटला हवी दुचाकींना थोडी जागा, रिक्षांना धड रांग आणि सलग पदपथ. साताऱ्याच्या एसटीतून उतरलेल्या आजी एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्या हाताने नऊवारीचा घोळ सावरत रिक्षांच्या गर्दीतून मेट्रोचा जिना शोधतात. त्यांना पार्किंगचे मजले काय कामाचे?

बाकी फुकट पार्किंग हा पुणेकरांचा जन्मसिद्ध हक्क! २०१८ साली महापालिकेत पार्किंग धोरण मंजूर झालं, तेही कापून कापून पाच रस्त्यांपुरतं. आमचे शेजारी तेवढ्यावरही अजून चिडलेले आहेत.