मिडीच्या नादात गेलेले चार रविवार

गिटारची टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कितव्या फ्रेटमध्ये (दांड्यावरच्या खणात) बोट ठेवायचं हे सहा रेघांवर आकड्यांनी सांगणारं लिखाण, लिहायची असेल तर आकडे दाबून हातानं लिहा. कीबोर्डवर वाजवून मिडीतून, म्हणजे वाजवलेल्या सुरांची नोंद ठेवणाऱ्या कॉम्प्युटरच्या फाइलमधून, टॅब काढायच्या फंदात पडू नका. मी पडलो होतो.

आमच्याकडे अमळनेरला श्रावणात कानबाई देवी बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी रात्रभर जागरण असतं आणि मोठी माय अजूनही पहाटेपर्यंत अहिराणी गाणी म्हणते. त्यातल्या एका गाण्याची चाल पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याला गिटारवर हवी होती. त्याला नोटेशन वाचता येत नाही, टॅब येते. जागरणाचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये होतंच, चाल एका संध्याकाळी कानानं बसली, वाटलं झालं काम.

माझ्याकडे २५ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड आहे. म्हटलं, चाल त्यावर वाजवू, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधून मिडी फाइल काढू आणि नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून खाली टॅबची ओळ जोडू. उघडली. वरच्या पाच रेघांवर सूर बरोबर, खालच्या सहा रेघांवर मात्र तमाशा. मोठी माय एका जागी घसरत वर जाते. गिटारवर ते दुसऱ्या तारेवर (तारा बारीक तारेपासून मोजायच्या) १, ३, ५ असं एका बोटाच्या सरकण्यात येतं. माझ्या टॅबमध्ये दुसऱ्या तारेवर १, तिसऱ्या तारेवर ७ आणि मग पहिली तार मोकळी! असं कोण वाजवतं?

पहिला रविवार मी सॉफ्टवेअरला शिव्या घालण्यात घालवला. दुसऱ्या रविवारी कळलं की मिडीच्या फाइलमध्ये तार नसतेच. कुठला सूर, केव्हा सुरू, केव्हा बंद, किती जोरात, एवढंच त्यात असतं. आता वरचा ई (E), म्हणजे मिडीतला ६४ नंबरचा सूर घ्या. तो पहिल्या मोकळ्या तारेवर आहे, दुसरीच्या ५ व्या फ्रेटवर, तिसरीच्या ९ व्या, चौथीच्या १४ व्या आणि लांब गिटार असेल तर पाचवीच्या १९ व्या फ्रेटवरही आहे. यातली जागा कोणी निवडायची? सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं निवडली, शक्य तितकी बारीक तार आणि शक्य तितका लहान आकडा. मोकळ्या तारेचं कोडं सुटलं.

पण ते ७ कुठून आलं? ३ वर जायला काय झालं होतं? यात तिसरा रविवार गेला. तोही मे महिन्याचा, त्यात दुपारी लाइट गेलेली, लॅपटॉप तव्यासारखा. मोठी माय मागून येऊन बघायची, "हाई काय शे भाऊ?" आणि मी काय सांगणार.

कारण निघालं माझ्याच बोटांत. पेटी वाजवायची सवय, त्यामुळे पुढची पट्टी दाबल्यावर मागची सोडतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका मात्रेचे ४८० भाग असतात, त्यातले २०-२५ भाग दोन सूर एकमेकांवर चढलेले. कानाला पत्ताही लागत नाही. पण एका तारेवर एका वेळी दोन सूर वाजत नाहीत, म्हणून सॉफ्टवेअरनं दुसरा सूर शेजारच्या तारेवर ढकलला. मी आधी क्वांटाइझ केलं होतं, म्हणजे सूर सॉफ्टवेअरकडून तालाच्या जागांवर ओढून घेतले होते, पण त्यानं फक्त सुरुवाती जागेवर आल्या होत्या, शेपट्या तशाच लोंबत होत्या. नोटांचे शेवटही कापावे लागतात. हे चार शब्द कुणी आधी सांगितले असते तर!

शेपट्या कापल्यावर ७ चे ३ झाले. तरीही शेवटचा ५ मोकळ्या तारेवरच बसला होता, आणि मोकळ्या तारेवर घसरून जाणार कसं?

चौथ्या रविवारी सगळं पुसलं. म्युझस्कोर हे नोटेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात थेट टॅबवर लिहायला बसलो. बाणांनी तार निवडायची, आकड्यानं फ्रेट. जागा चुकली तर कंट्रोल धरून वर-खाली बाण दाबला की सूर तोच राहतो, तार बदलते. घसरणीच्या रेघा हातानं ओढल्या. ३२ बार (तालाचे खण) दीड तासात झाले. दीड तास!

हो, एक राहिलंच. चाल सहा मात्रांची असेल तर लिहायच्या आधीच फाइलचा ताल ६/८ करून घ्या. नवी फाइल ४/४ मध्ये उघडते, आणि मग सम कुठेही पडते. कुणाला पुढे बदल करायला फाइल द्यायची असेल तर मिडी नको, म्युझिकएक्सएमएल ही नोटेशनची फाइल द्या, त्यात तार आणि फ्रेट दोन्ही टिकतात. नुसतं वाजवायचं असेल तर पीडीएफ पुरे.

पुतण्याला पीडीएफ पाठवली. रात्री त्याचा फोन, "काका, काहीतरी भलतंच वाजतंय." त्यानं कागद उलटा वाचला होता. टॅबमध्ये सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात बारीक तार, आणि गिटार मांडीवर घेतली की बारीक तार खाली असते. टॅब येते म्हणणाऱ्या पोराला हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मोठ्या मायला लॅपटॉपवर वाजवून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं, मग नवव्या बारमधली जागा म्हणून दाखवली. मी ती सरळ लिहिली होती. उद्या बदलतो.